सात उचक्या आणि एक शिट्टी

काटेवाल्यांना पहिली उचकी आली ती करड्या सदऱ्याचे वरचे बटण लावताना. दुसरी आली बुटाची नाडी बांधताना. तिसऱ्या उचकीच्या वेळी गळ्यातली शिट्टी तोंडात होती, आणि ती इतकी जोरात वाजली की स्वयंपाकघरात बायकोच्या हातातले झाकण खाली पडले.

"अहो! घरात कुणाचा फाऊल झाला?"

"काही नाही गं. उचकी लागलीये."

"मग पाणी प्या. चिमूटभर साखर खा. श्वास धरून बसा जरा."

काटेवाल्यांनी तिन्ही गोष्टी एकदमच केल्या आणि त्यांना ठसका लागला. ठसका गेला, उचकी राहिली. भीती वाटली की कुणाला घाम फुटतो, कुणाचे पाय लटपटतात. काटेवाल्यांची भीती पोटातून निघायची आणि थेट घशाशी येऊन दार ठोठावायची. आज तर ती पहाटेपासून ठोठावत होती.

पोटापाण्यासाठी काटेवाले दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून तर सगळे त्यांना काटेवाले म्हणत. रिकाम्या पारड्यांचा काटा बरोबर मधोमध येऊन थांबला की ते दोन क्षण त्याच्याकडे असे बघत राहत, जसे कुणी गाभाऱ्यात बघावे. रविवारी मात्र ते बास्केटबॉलचे पंच असत. बारा वर्षे त्यांनी शाळा-कॉलेजांचे सामने सांभाळले होते. मोठ्यांच्या सामन्यांचा परवाना मिळावा म्हणून दोनदा चाचणी दिली होती, आणि दोन्ही वेळा नापास झाले होते. पहिल्या अहवालात लिहिले होते, 'पूर्वार्धात कडक, उत्तरार्धात मऊ. सातत्य नाही.' दुसऱ्यात लिहिले होते, 'सातत्य नाही. शिवाय शिट्टी उशिरा वाजते.' आज तिसरी आणि शेवटची चाचणी होती. आज नापास म्हणजे शिट्टी संघटनेच्या कचेरीत जमा, आणि उरलेले सगळे रविवार प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या.

"उचकी थांबेपर्यंत शिट्टी तोंडात घालू नका म्हणजे झालं," बायकोने साधा उपाय सांगितला.

"उशिरा वाजते असं लिहिलंय त्यांनी! आज सामना संपेपर्यंत शिट्टी दातांतून काढणारच नाही मी."

वाचक हो, पुढच्या साऱ्या अनर्थाचे बी या एका वाक्यात होते. काटेवाल्यांना ते दिसले नाही, कारण ते त्यांनीच पेरले होते.

सामना होता अग्निशमन दल विरुद्ध शाळामास्तर, आणि तोही अंतिम. लाकडी फळ्यांच्या बंदिस्त मैदानात दोन्ही बाजूंची बाके गच्च भरली होती. मधल्या बाकावर एकट्या निरीक्षक बाई बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा गर्दीतही मोकळी होती. कधीकाळी पंचगिरी करताना या बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला उलट बोलल्याबद्दल मैदानाबाहेर काढले होते, आणि तो बिचारा त्या दिवशी नुसता डबा द्यायला आला होता, असे लोक सांगत. त्यांच्या मांडीवर निळी वही होती. त्यांनी पेन्सिलीला टोक केले. तो करकर आवाज काटेवाल्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला, आणि घशाशी पुन्हा ठोठावले गेले.

जोडीला दुसरे पंच होते काका. वय साठीच्या पलीकडे, एक गुडघा निवृत्त झालेला, दुसरा रजेवर. ते म्हणाले, "घाबरू नकोस रे. पहिल्या पाच मिनिटांत जे माप लावशील तेच शेवटपर्यंत लाव. बाईंना बाकी काही लागत नाही."

"तेच माप," काटेवाले शिट्टीच्या आडून म्हणाले.

चेंडू उडाला. तो दलाच्या हाती आला आणि त्यांचा सर्वांत उंच गडी बास्केटखाली जाऊन उभा राहिला. त्याला सगळे कपाट म्हणत, आणि त्याला एकदा पाहिल्यावर का म्हणतात हे कुणी विचारत नसे. बास्केटखाली एक रंगवलेला चौकोन असतो. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याच्या खेळाडूने त्यात सलग तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचे नाही, असा नियम आहे. तो पुस्तकात आहे. या स्पर्धेत मात्र तो कुणी लावल्याचे कुणाला आठवत नव्हते. कपाट अकरा वर्षे त्याच चौकोनात उभा राहत आला होता, आणि घरातल्या कपाटाला 'किती वेळ झाला उभा आहेस?' असे कुणी विचारत नाही.

तेवढ्यात काटेवाल्यांना उचकी आली आणि शिट्टी वाजली.

दहाही खेळाडू जागच्या जागी थांबले. शिट्टी चुकून वाजली तर काय करायचे तेही पुस्तकात दिलेले आहे. 'चुकून वाजली' असे सांगायचे, चेंडू ज्याचा होता त्याला परत द्यायचा आणि पुढे चालायचे. फक्त दोन शब्द. पण काटेवाल्यांची नजर निळ्या वहीकडे गेली आणि ते दोन शब्द घशात उचकीच्या खाली अडकले. त्यांनी हात पुढे केला. त्याची तीन बोटे उभी होती.

"तीन सेकंद!"

"कोण? मी?" कपाटाने मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

"तुम्ही."

"अहो, मी अकरा वर्षं इथंच उभा राहतोय!"

"म्हणजे तीनपेक्षा जास्तच झाले की!" मास्तरांचा कर्णधार आनंदाने ओरडला. हे गणिताचे मास्तर. बुटके, चपळ, आणि समोरच्याची चूक दिसली की ती फळ्यावर सोडवून दाखवल्याशिवाय जेवण न जाणारे. बाके हसली. कपाट हसला नाही. त्याने वरून, बऱ्याच वरून, काटेवाल्यांकडे पाहिले आणि मान हलवली. ती मान हलली त्याचा अर्थ 'बरं' होता की 'बाहेर भेटा' होता, हे काटेवाल्यांना कळेना.

एकदा लावलेले माप आता सगळ्यांना लावणे भाग होते. मास्तरांचा चित्रकलेचा सर त्यांच्या बाजूच्या चौकोनात जरा विसावला तशी काटेवाल्यांनी मनात मोजदाद सुरू केली. एक, दोन, तीन. शिट्टी. मग दलाचा एक जण. शिट्टी. दोन्हीकडच्या खेळाडूंनी त्या चौकोनाचा धसका घेतला. तापलेल्या तव्यावर अनवाणी पाऊल पडावे तसे ते आत जात आणि किंचाळून बाहेर येत. बास्केटखाली थांबायला कुणी तयार नाही, मग गुण होणार कुठून? पहिल्या दहा मिनिटांत गुणफलकावर चार-तीन असा आकडा लागला. एका प्रेक्षकाने विचारले, "हा फुटबॉल आहे का हो?"

दुसरी उचकी आली तेव्हा मराठीचे सर रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभे होते. त्यासाठी पाच सेकंद मिळतात. जेमतेम दोन झाले होते.

"पाच सेकंद!" काटेवाल्यांनी पंजा उघडला.

"पाच?" गणिताचे मास्तर धावत आले. "सर, मी स्वतः मोजत होतो. दोन पूर्णांक तीन दशांश!"

"पाच," काटेवाले म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्याला गुडघे नव्हते.

त्या क्षणापासून रेषेबाहेरून टाकल्या जाणाऱ्या प्रत्येक चेंडूला दोन सेकंदांची मुदत झाली. तिसऱ्या उचकीला बिचारे भूगोलाचे सर शांतपणे चेंडू आपटत निघाले होते. त्यांच्यावर 'चेंडू न आपटता चाललात' असा ठपका आला.

"मी?" भूगोलाच्या सरांनी हातातल्या चेंडूकडे पाहिले. "मी तर हा अजून आपटतोय."

मध्यंतराला गुणफलक होता अकरा-दहा. पूर्वरंग असा आटोपला. काटेवाल्यांनी पाण्याच्या पिंपाआड काकांना गाठले आणि सगळे सांगून टाकले.

"उचकी?" काका गुडघा चोळायचे थांबले. "पहिली शिट्टी उचकीची होती?"

"हो."

"आणि ते पाच सेकंद?"

"उचकी."

"अरे देवा. आणि मी तिकडच्या टोकाला दोन-दोन सेकंदांना शिट्ट्या मारतोय, तुझ्याशी माप जुळावं म्हणून!"

"काका, आता सांगून टाकू का सगळ्यांना?"

काकांनी बाकांकडे पाहिले. बाई वहीचे पान उलटत होत्या. "आता? अर्धा सामना वाघ आणि अर्धा सामना शेळी? बाई तिथेच लिहितील, सातत्य नाही. आणि ते कपाट... नको. आता आहे तसंच रेट. चुकीचं तर चुकीचं, पण सारखं."

भ्यालेल्या माणसाला वाईट सल्ला जितका पटकन पटतो तितका चांगला पटत नाही. काटेवाल्यांना तो पटला. इतकेच नव्हे, त्यांनी त्यात आपल्या धंद्याची भर घातली. एक उचकी दलावर गेली होती, दोन मास्तरांवर. पारडी समान हवीत. म्हणजे पुढची उचकी, ती केव्हाही येवो, दलाच्या नावावर टाकायची.

तसेच झाले. चौथी दलाला, पाचवी मास्तरांना. बाकांवरच्या एका आजोबांना मात्र शंका आली. "पंचसाहेब," त्यांनी ओरडून सांगितले, "कोणीतरी तुमची आठवण काढतंय हो!" सगळे खदखदून हसले आणि काटेवाल्यांच्या कानांच्या पाळ्या गार पडल्या. शिट्टी त्यांनी आणखी घट्ट चावली. ती काढावी तर खरा फाऊल निसटेल, ठेवावी तर खोटा वाजेल. मनात देवाचे नाव चालू होते. भीतीत आणि भक्तीत एवढे एक साम्य आहेच, दोन्हींत माणूस एकच नाव पुन्हा पुन्हा घेतो. फरक इतकाच की भीतीत त्याला उत्तराची घाई असते.

सहावी उचकी आली ती शेवटची तीन मिनिटे उरली असताना. हिशेबाने ती दलाची होती. पण दलाचे चार जण हात वर करून सोज्वळपणे उभे होते, आणि पाचवा, म्हणजे बंबाचा ड्रायव्हर, सगळ्यांपासून दूर, खाली वाकलेला होता. काटेवाल्यांचे बोट त्याच्याकडे गेले.

"फाऊल! धक्का!"

ड्रायव्हरने वर पाहिले. "धक्का? अहो साहेब, मी बुटाची नाडी बांधतोय! धक्का कुणाला दिला, बुटाला?"

"मान्य करा आणि पुढे चला," गणिताचे मास्तर प्रेमाने म्हणाले. आज पुन्हा एकदा उत्तर त्यांच्या बाजूने आले होते.

गुणलेखकांच्या टेबलावरून पाच आकड्याची पाटी वर झाली. ड्रायव्हरचा हा पाचवा फाऊल होता. पाच झाले की खेळाडू बाहेर. त्याने एकदा पाटीकडे, एकदा सुटलेल्या नाडीकडे पाहिले आणि तशाच फटफटत्या नाडीने चालत जाऊन तो बाकावर बसला. डोक्यावर टॉवेल ओढून घेतला. टॉवेल जरा जरा हलत होता.

मास्तरांना त्या फाऊलबद्दल दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. दोन्ही हुकल्या. वरच्याच्या हातातला काटा तरी ठिकाणावर होता. पण काटेवाल्यांची नजर त्या टॉवेलवरून हलेना. उचक्या तीन आणि तीन, पारडी अगदी समान, आणि तरीही छातीत काहीतरी एका बाजूला कलले होते.

पंधरा सेकंद उरले. मास्तर चोवीस, दल तेवीस. चेंडू दलाकडे. एक लांब पास आला आणि कपाटाने चौकोनाच्या कडेवर तो झेलला. समोर कुणी नाही. बास्केट हाताच्या अंतरावर. त्याने हात वर नेला.

आणि सातवी उचकी आली.

शिट्टीचा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. कपाट हात वर ठेवूनच थांबला. काटेवाल्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. कुणी कुणाला शिवले नव्हते. कुणी रेंगाळले नव्हते. रेषा, वेळ, पाय, सगळे निर्मळ. इतक्या मोठ्या मैदानात एवढीशी उचकी टाकायला आज कुठेच जागा नव्हती. बाकावर टॉवेल थोडा वर झाला आणि त्याखालून ड्रायव्हरचे दोन डोळे दिसले. 'आता कोण?' असे ते विचारत होते.

काटेवाल्यांनी शिट्टी तोंडातून काढली. दातांच्या खुणा उमटल्या होत्या तिच्यावर.

"चुकून वाजली," ते म्हणाले. "उचकी लागलीये मला. चेंडू दलाचा."

क्षणभर कुणाला काही कळले नाही. ज्याला कळले तो अर्थातच गणिताचा माणूस होता. "एक मिनिट सर. ही उचकी. मग मघाचे पाच सेकंद?"

"तीही उचकी."

"आणि माझं चालणं?" भूगोलाच्या सरांचा आवाज आला.

"उचकी. माफ करा."

"आणि माझी नाडी?" बाकावरून ड्रायव्हर उभा राहिला.

"ती सगळ्यांत वाईट उचकी," काटेवाले म्हणाले. "नियमाने ती आता परत घेता येत नाही. घेता आली असती तर या शिट्टीसकट घेतली असती."

बाके उसळली. आणि त्या गलबल्यातून कपाट चालत आला. प्रत्येक पावलाला फळ्या कुरकुरत होत्या. काटेवाल्यांना पळावेसे वाटले, पण पाय कुणीतरी उधार नेले होते. कपाट समोर उभा राहिला. दिवे दिसेनासे झाले.

"एकूण किती?" त्याने हळू विचारले.

"सात. हिक्."

"सात?" कपाट खाली वाकला, आणि जळत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ऐकू जावे अशा आवाजात काटेवाल्यांच्या कानाशी गरजला, "साऽऽत?"

काटेवाल्यांचे काळीज बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले. कपाट त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. पाच सेकंद. दहा.

"गेली का?" त्याने विचारले.

"काय?"

"उचकी हो."

काटेवाल्यांनी घसा चाचपला. दारावर कुणी नव्हते. "गेली," ते पुटपुटले.

"मग चला. बारा सेकंद राहिलेत."

दलाने रेषेबाहेरून चेंडू आत टाकला. कपाट धावत जाऊन बास्केटखाली आपल्या जुन्या जागी उभा राहिला. साथीदारांनी चेंडू इकडून तिकडे फिरवला. काटेवाले मोजत होते. एक. दोन. तीन. कपाट तिथेच होता. चेंडू त्याच्याकडे निघाला, आणि त्या दिवसातली पहिली शिट्टी वाजली जी काटेवाल्यांनी निळ्या वहीकडे न बघता, पोटातला सगळा श्वास लावून वाजवली.

कुणीही थांबले नाही.

"उचकी आहे, उचकी! खेळा!" दोन्ही संघ एकसुरात ओरडले. कपाटाने चेंडू झेलला, वळला आणि बास्केटमध्ये कोंबला. दलाचे लोक मैदानात घुसले. कुणी बादल्या वाजवल्या. ड्रायव्हरने टॉवेल उडवला. आणि त्या नाचणाऱ्या दंगलीच्या मधून एक बारीकसा माणूस तीन बोटे वर धरून ओरडत होता, "ही खरी आहे हो! ही खरी आहे!"

नाच हळूहळू थांबला. कपाट वळला.

"ही उचकी नव्हती?"

"नव्हती."

"छातीवर हात ठेवून सांगा."

काटेवाल्यांनी छातीवर हात ठेवला. "तीन सेकंद झाले होते. चेंडू हातात यायच्या आधी. बास्केट धरता येत नाही. मी... मी तुम्हाला फार भितो, पण ते झाले होते."

कपाटाने वर छताकडे पाहिले, मग खाली रंगवलेल्या चौकोनाकडे, आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"चार झाले होते," तो म्हणाला. "मीच मोजत होतो. आज सकाळपासून ह्यांनी नाद लावलाय मोजायचा."

चेंडू मास्तरांना मिळाला. उरलेले चार सेकंद संपले. चोवीस-तेवीस.

सगळे पांगल्यावर निरीक्षक बाई खाली आल्या. काटेवाल्यांनी शिट्टी गळ्यातून काढून तळहातावर तयार ठेवली होती, जमा करायला.

"उचक्या सात," बाईंनी वही उघडली. "पहिलीपासून कळत होतं मला. खऱ्या शिट्टीआधी माणूस श्वास घेतो. तुम्ही खांदे उडवत होतात. तीन इकडे, तीन तिकडे. सातत्य उत्तम."

"हो, बाई."

"दुकानातला काटा रोज पन्नास ग्रॅम कमी दाखवत असेल, न चुकता पन्नासच, तर त्यावर छाप मारून देता का तुम्ही?"

"छे! तो उघडून आधी नीट..." काटेवाले बोलता बोलता थांबले.

"तेच," बाई म्हणाल्या. "एकोणचाळीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद नापास. शेवटचे बारा सेकंद पास." त्यांनी वहीत काहीतरी लिहिले, पान फाडले आणि शिट्टी असलेल्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. "बारा वर्षांत बारा सेकंद. पुष्कळांना तेवढेही जमत नाहीत. आणि सदऱ्याला साखर चिकटलीये तुमच्या; पुढच्या वेळी येताना नका खाऊ, उचकीला त्याने काही होत नाही."

काटेवाल्यांना परवाना मिळाला. पण त्या हंगामात त्यांची शिट्टी वाजली की खेळाडू थांबत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत. गणिताचे मास्तर अदबीने विचारत, "सर, खरी?" काटेवाले म्हणत, "खरी." मग कुणी एक शब्द बोलत नसे. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही पंचाच्या शिट्टीवर इतका कमी वाद होत नव्हता, असे काका गुडघा चोळत सांगत.

फक्त एकदा, दलाच्याच एका सामन्यात, निळी वही अचानक बाकावर दिसली. शिट्टी वाजली. "खरी?" मास्तर नव्हते म्हणून दुसऱ्याच कुणीतरी विचारले.

काटेवाल्यांनी कसेबसे मान हलवून 'नाही' म्हटले.

कपाट बाकाकडे गेला आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन आला. त्याच्या मागोमाग ड्रायव्हर आला, बादली घेऊन. अग्निशमन दलाची माणसे ती. पाणी कमी पडू द्यायची त्यांना सवयच नव्हती.